ऐहोळेच्या शिलालेखाचं साल: 556, 3735 की 634?

प्रश्न असा आहे: ऐहोळेच्या रविकीर्तीच्या शिलालेखाचं साल कुठे शके 556 दिलेलं असतं, कुठे 3735, तर कुठे इ.स. 634 किंवा 635. शिवाय कलियुगाचा आरंभ इ.स.पू. 3102 धरून 3735 मधून तेवढे वजा केले, तर उरतात 633. यातलं बरोबर कुठलं?

633 सोडून सगळी बरोबर.

चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळातला हा लेख मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर आहे. (नव्याण्णव हजार गावांची 'तीन महाराष्ट्रकं' याच लेखातली!) रविकीर्ती पडला कवी, आकडे सरळ कशाला सांगेल? भारतयुद्धापासून (म्हणजे कलियुगाच्या आरंभापासूनच मोजलेली) 'तीस, तीन हजार, सातशे आणि पाच' वर्षं, आणि शकराजांची 'पन्नास, सहा आणि पाचशे'. वृत्तात बसतील तसे आकडे मांडलेत. बेरीज करा: 3735 आणि 556. फरक 3179. पंचांगवाले आजही शकात हेच 3179 मिळवून गतकली, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षं, काढतात. शके 1947 म्हणजे गतकली 5126.

गोम आहे ती लेखातल्या 'गतेषु' आणि 'समतीतासु' या दोन शब्दांत. ही सरलेली वर्षं आहेत. पोराला तिसरं सरून चौथं लागलं, तरी आपण वय तीनच सांगतो, तसं. इसवी सनात मात्र चालू वर्षाचा आकडा असतो. म्हणून गत शकात 78 मिळवायचे, की 634. 'गत' नजरेतून सुटलं, तर साल एकाने मागे जातं. 635 येतं ते शकवर्ष चैत्रात सुरू होऊन पुढच्या इसवी सालात संपतं म्हणून. लेखात महिना-तिथी नाही, त्यामुळे 634-35 असा जोडआकडाच प्रामाणिक.

आता ते 633. इ.स.पू. 1 संपलं की थेट इ.स. 1, मधे शून्य वर्ष नाही, हे साध्या वजाबाकीला कुठून कळणार? खगोलवाले इ.स.पू. 1 ला शून्य म्हणतात, त्यामुळे त्यांच्या लेखी कलियुगारंभ −3101. 3735 मधून 3101 गेले, 634 उरले. आर्यभटाने आपल्या काळासाठी सांगितलेली 3600 गतकली वर्षं याच हिशेबाने इ.स. 499 ला येतात.

विक्रम संवत काढायचा तर शकात 135 मिळवा, 691. गुजरातेत मात्र तो कार्तिकात बदलतो, त्यामुळे तिकडच्या हिशेबात चैत्र ते आश्विन 690च.

कुठे उद्धृत करायचं असेल, तर 'शके 556 (गत), इ.स. 634-35' असं लिहावं.