सोलापूरला समुद्र नाही, म्हणून?

(सोलापूरच्या एका यंत्रमाग कारखानदार वडिलांचं पत्र : मुलीला नीटसाठी दुसऱ्यांदा बसवलंय. ती म्हणते, उपग्रहाच्या रडारवरून चक्रीवादळाचा जोर ओळखायला शिकायचंय. 'उपग्रहाचे फोटो तर मोबाईलवरही दिसतात, त्यात शिकायचं काय? आणि आपल्याकडे समुद्र तरी कुठाय? तुम्ही तिला समजवा.')

नमस्कार.

ते काम मी घेणार नाही. दीड पानाच्या पत्रात तिचे गुण चारदा आलेत, तिचं म्हणणं एकदाच, तेही 'खूळ' म्हणून. गुणांची मला चिंता नाही. 'नीट नाही झाली तर यंदा स्थळं बघतो' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्याची आहे. तिला हे ऐकवलं असेल, तर पुस्तक उघडल्यावर बायोलॉजी डोक्यात शिरणार कशी? आज तिच्यासमोर बसा आणि ते वाक्य मागे घ्या.

आता त्या फोटोंचं. मोबाईलवर दिसतो तो ढगांचा माथा. वादळाचा खरा जोर खाली, डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या वाऱ्यात असतो. ढगांच्या ठेवणीवरून तो अंदाजायची ड्व्होरॅक पद्धत 1970च्या दशकापासून चालत आलीय, पण तो अंदाजच. तुमची मुलगी म्हणते त्या उपग्रहावरच्या रडारच्या (सिंथेटिक अपर्चर रडार) लहरी ढग भेदून समुद्रापर्यंत पोचतात. वाऱ्यानं पाणी जितकं खवळलेलं, तसा परतणारा सिग्नल बदलतो, आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात. आपल्या इस्रोनंही 2022मध्ये ईओएस-04 हा रडार उपग्रह सोडलाय. अडचण अशी, की असा उपग्रह रोज वादळावरून जात नाही. मिळालेली थोडकी माहिती हवामान अंदाजाच्या संगणकी मॉडेलमध्ये नीट बसवायला माणसं लागतात. 2023मध्ये ओटिस वादळ मेक्सिकोच्या अकापुल्कोवर धडकण्याआधी जेमतेम एका दिवसात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीला पोचलं. मॉडेलांना ते आधी कळलंच नाही.

आणि समुद्राचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2020 आठवा. काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणामार्गे आपल्या जिल्ह्यावर आलं. त्या पावसानं पंढरपुरात काय झालं, तुम्ही पाहिलंयत.

वाट सरळ आहे : फिजिक्स-गणितात बी.एस्सी., मग पुणे विद्यापीठात किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत वातावरणशास्त्राचं एम.एस्सी. पण तिनं बारावीला गणित घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलंच नाही. नसेल, तर मेडिकलच्या हट्टापायी फार महत्त्वाचा विषय सुटलाय. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढाच विषय देता येतो. त्याची चौकशी याच आठवड्यात करा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकिटावर पत्ता हवं तर तुम्ही घाला, आतला कागद मात्र उघडून बघू नका.