स्पर्धांची फी थांबवा, मुलीला प्रदर्शनं बघू द्या

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात राहतो. पाचवीपासून आम्ही तिला चित्रकलेच्या स्पर्धांना बसवतो. आतापर्यंत 61 प्रमाणपत्रं झाली, त्यातली 14 आंतरराष्ट्रीय. तक्ता आणि फोटो जोडले आहेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'ए' ग्रेड आहे. मी तिला रोज दोन तास सरावाला बसवतो, पण हल्ली टाळाटाळ करते. वह्यांच्या मागच्या पानांवर नुसती अक्षरं गिरवत बसते. दिवाळीत तर मामाच्या पिठाच्या गिरणीचा दरफलक रंगवण्यात तीन दिवस घालवले आणि एका स्पर्धेची तारीख हुकली. त्या फलकाचाही फोटो पाठवतो, म्हणजे वेळ कसा वाया जातो ते कळेल. एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) किंवा आयआयटीत डिझाइनला प्रवेश हवा आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धांना जास्त वजन आहे? पुण्यातलं दहा दिवसांचं 45 हजारांचं पोर्टफोलिओ शिबिर लावावं का? बारावीपर्यंत राष्ट्रीय पातळीवर नंबर आला नाही तर हा नाद सोडून तिला इंजिनीअरिंगला घालायचं, असं आम्ही ठरवलं आहे.
– एक पालक

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलंत स्पर्धांबद्दल, पण मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या पत्रात तुमची मुलगी कुठेच बोलत नाही. 'आम्ही बसवतो', 'मी बसवतो', 'आम्ही ठरवलं आहे'. तिच्या वाट्याला क्रियापदं आली आहेत ती तीनच, टाळाटाळ करणं, गिरवत बसणं आणि दिवस घालवणं. सतरा वर्षांच्या मुलीच्या करिअरबद्दल दीड पान लिहिलंत आणि तिला काय करायचं आहे हे एका ओळीतही नाही. तुम्ही विचारलं नसेल, किंवा विचारलंत आणि उत्तर आवडलं नसेल. दोन्ही शक्य आहे.

त्यात ती बारावीची मुदत. चित्रकलेत 'राष्ट्रीय पातळीवर नंबर' अशी गोष्टच नसते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असतं. चित्राला तसं काही लावता येत नाही. तीन परीक्षक बदलले की निकाल बदलतो. म्हणजे जी रेषा कुणी आखलेलीच नाही ती ओलांडली नाहीस तर तुझं आवडतं काम बंद, असं तुम्ही तिला सांगताय. आणि इंजिनीअरिंगलाही कृपा करून शिक्षा म्हणून वापरू नका. चार वर्षं गणित आणि यंत्रं मन लावून शिकणाऱ्या मुलांवर तो अन्याय आहे, आणि शिक्षा म्हणून गेलेलं मूल तिथे कसं शिकतं हे मी माझ्यासमोरच्या खुर्चीत पुष्कळदा पाहिलं आहे.

आता तुमचे फोटो. दोन चित्रं मी शेजारी ठेवून पाहिली. एक सहावीतलं, एक यंदाचं. दोन्हींत दोन ओंजळींमध्ये पृथ्वी आहे, डावीकडे हिरवं झाड, उजवीकडे वाळकं, वर 'पाणी वाचवा'. यंदाच्या चित्रातला वॉश, म्हणजे पाणी घालून दिलेला पातळ रंग, जास्त सफाईदार आहे, बोटं नीट आली आहेत. बाकी पाच वर्षांत काहीही बदललेलं नाही. तिला दोष देऊ नका. सहावीत त्या पृथ्वीला बक्षीस मिळालं, म्हणून सातवीत पुन्हा तीच काढली, पुन्हा मिळालं. अशा स्पर्धांतून मूल एकच शिकतं : जे चाललं ते परत काढ. डिझाइनची प्रवेश परीक्षा नेमकं याच्या उलटं मागते. तिथे एखादी रोजची वस्तू देतात आणि तिचे अनेक वेगवेगळे उपयोग किंवा रूपं काढायला सांगतात. दोन ओंजळी सरावाने पक्क्या झालेला हात तिथे अडतो.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर : कोणत्याही स्पर्धेला वजन नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की सविस्तर लिहितो. आयआयटीच्या बी.डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा असते, मुंबई आयआयटी ती घेते, आणि प्रवेश त्या परीक्षेतल्या रँकवर होतो. प्रमाणपत्रं दाखवायला तिथे जागाच नाही. एनआयडीत पूर्वपरीक्षा आणि मग मुख्य परीक्षा. मुख्य परीक्षेत स्टुडिओ टेस्टला समोर साहित्य ठेवतात आणि तिथल्या तिथे काहीतरी घडवायला सांगतात. फाइल घरी राहते. बीएफए या कलेच्या पदवीला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे. इंटरमिजिएटच्या ग्रेडचा फायदा दहावीच्या वाढीव गुणांत होतो, तो तिने घेतला असेलच. तो अध्याय संपला. काही खासगी संस्था आणि परदेशी विद्यापीठं पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाची फाइल, मागतात हे खरं, पण त्यांना पदकांचे फोटो नको असतात. पहिलं कच्चं रेखाटन कोणतं, ते का टाकून दिलं, कुणाला विचारून बदल केला, हे त्यांना पाहायचं असतं. तुमच्या 61 नोंदींच्या तक्त्यात स्पर्धेचं नाव, तारीख, क्रमांक आणि फी असे चार रकाने आहेत. यातलं काहीच त्यांना नको आहे.

फीच्या रकान्याची बेरीज तुम्ही केलेली नाही. मी केली. 26 हजारांच्या वर जाते. त्यातल्या बऱ्याचशा 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांचा धंदा असा चालतो : प्रवेश फी घ्यायची, वयोगटांचे बारीक बारीक तुकडे पाडायचे म्हणजे प्रत्येक तुकड्यात सुवर्णपदक देता येतं, प्रमाणपत्र ईमेलने पाठवायचं, आणि ट्रॉफी हवी असेल तर तिचे आणि कुरिअरचे पैसे वेगळे. परीक्षक कोण ते जाहीर होत नाही, आलेली चित्रं कुठे टांगली जात नाहीत. पुढच्या वेळी फॉर्म आला की दोनच गोष्टी बघा. परीक्षकांची नावं आहेत का, आणि गेल्या वर्षीची चित्रं लोकांना प्रत्यक्ष पाहता आली होती का. शिवाय नियमांत 'चित्राचे सर्व हक्क आयोजकांकडे' असं एक वाक्य बहुतेकदा असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. मुलगी अठराची झालेली नाही, म्हणजे त्या फॉर्मवर सही तुम्ही करता. न वाचता करत असाल तर तिचं चित्र तुम्हीच देऊन टाकताय.

सगळ्याच स्पर्धा भंपक असतात असं मात्र नाही. रुपयाचं चिन्ह खुल्या स्पर्धेतूनच निवडलं गेलं. 2010 मध्ये डी. उदय कुमार यांची रचना पक्की झाली तेव्हा ते मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात तमिळ अक्षरांच्या रचनेवर पीएच.डी.चं काम करत होते. स्वच्छ भारत अभियानाचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्हही 2014 च्या खुल्या आवाहनातून आलं, आणि ते करणारे अनंत खासबारदार तुमच्या शेजारच्या कोल्हापूरचे, जाहिरातीच्या व्यवसायात मुरलेले. या दोघांकडे स्पर्धेच्या आधीच वर्षानुवर्षांचं काम होतं. स्पर्धा त्या वाटेवर लागली, इतकंच.

यावरून येतो त्या फलकाकडे, जो तुम्ही पुरावा म्हणून पाठवलात. फोटोत जुना फलकही भिंतीला टेकवलेला दिसतो. त्यावर वर देवाचं नाव, मग गिरणीचं, मग ठळक अक्षरांत प्रोप्रायटर आणि फोन, आणि दर तळाशी, दाटीवाटीने. नव्या फलकावर गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ ही नावं डावीकडे एकाखाली एक, दर उजवीकडे एका सरळ रांगेत, आणि 'ओलं धान्य दळून मिळणार नाही' हे लाल रंगात स्वतंत्र पट्टीवर. मामांचं नाव खाली, लहान. फोटो मोठा करून पाहिला तर 'ज्वारी'तल्या 'ज्व'खाली पेन्सिलीची जुनी रेघ पुसट दिसते. तिने ते जोडाक्षर आधी रुंद काढलं होतं, मग आक्रसून घेतलं, कारण नाहीतर ज्वारी बाजरीपेक्षा ठळक दिसली असती. हे तिला कुणी सांगितलं नाही. दळण घेऊन येणाऱ्या माणसाला आधी काय वाचायचं असतं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि ब्रशने सोडवला. डिझाइनच्या पहिल्या वर्षात हेच शिकवतात. आणि आपलं नाव लहान करायला मामा कसे तयार झाले? तिला एकदा विचाराच. गिऱ्हाइकाला पटवणं कुठल्या स्पर्धेत शिकायला मिळत नाही.

एका फलकावरून ती डिझायनर ठरली असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांनी तिला अक्षरांचा कंटाळाही येईल. पण वह्यांच्या मागे ती गिरवते त्या अक्षरांत पोटापाण्याचं काम आहे, हे तुम्हाला माहीत असावं. तुमच्या कॉम्प्युटरवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी केला. 'मुक्त' आणि 'बलू' हे कुणालाही फुकट वापरता येणारे फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या गटाचे आहेत. एका देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो अक्षररूपं हाताने घडवावी लागतात, जोडाक्षरांमुळेच. भारतीय लिप्या जाणणारे लोक आजही थोडे आहेत.

मग या वर्षी काय करायचं? स्पर्धा बंद, बघणं सुरू. सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या औंधपासून करा. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे शिल्पही आहे. पृथ्वी-ओंजळीच्या पलीकडे हात आणि शरीर कसे काढतात ते तिला समोरासमोर दिसेल. स्केचबुक घेऊन जाऊ द्या, आणि तुम्ही बाहेर चहा प्या.

कोल्हापूर आणि पुण्याच्या कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. माझ्या मते विद्यार्थ्यासाठी यापेक्षा उपयोगी कार्यक्रम नाही. मोठ्या गॅलरीत चित्रकार भेटत नाही. इथे शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आपल्याच कामाशेजारी स्टूल टाकून बसलेली असते आणि कुणीतरी काही विचारावं म्हणून वाट बघत असते. 'यातलं काय काय टाकून दिलंत?' एवढं विचारलं की अर्धा तास बोलतात. फी किती, वसतिगृह कसं, शिक्षक वर्गावर येतात का, हेही तिथेच खरं कळतं. माहितीपत्रकात नाही.

मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस असतो, 1999 पासून. जायचं तर याच वर्षी, कारण पुढच्या फेब्रुवारीत तिची बारावीची परीक्षा असेल. गर्दीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, मधल्या वारी जा. त्याच फेरीत पायी जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय होतं, आणि जे.जे. या कलाशाळेचं आवार, म्हणजे 1857 पासूनची संस्था, बाहेरून का होईना दिसतं. उन्हाळ्यात आयडीसीचा डिग्री शो असेल तर तोही. अक्षरांची ओढ टिकलीच तर टायपोग्राफी डे नावाची आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी वेगळ्या ठिकाणी भरते, तिच्या कार्यशाळांवर तिने नजर ठेवावी. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, कोची बिनालेतला विद्यार्थ्यांचा भाग, या सगळ्यांची वेळ ती कलेच्या कॉलेजात गेल्यावर येईल. ते निवड करून काम भिंतीवर टांगतात. तिथे पाठवलेलं चित्र परत आलं तरी हरकत नाही, कारण ते कुणीतरी पाहिलेलं असतं.

परीक्षांचं थोडक्यात : यूसीड आणि एनआयडी दोन्ही कोणत्याही शाखेतून देता येतात, त्यामुळे सायन्स ठेवलं तरी चालेल, बदललं तरी चालेल. यूसीडला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी असतात, म्हणून 'सहज बसून बघ' असं करू नका. जे.जे. आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची प्रवेशपुस्तिका वेगळी वाचा.

रोजचे दोन तास तिचे तिला परत द्या. त्यात तिने काय काढलं हे महिनाभर विचारू नका. तुम्हाला ते जड जाईल, पण तुमच्या घरात याच एका गोष्टीची मला तातडी वाटते. पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं. तिला डिझाइन नको असं निघालं तर तेही मी छापेन.

शिबिराबद्दल : नको. दहा दिवसांत घडवलेले पोर्टफोलिओ एकाच साच्यातले असतात आणि मुलाखत घेणाऱ्याला ते पहिल्या दोन पानांत कळतं. शिवाय ती ज्या दोन ठिकाणी जाऊ पाहते तिथल्या पदवीच्या प्रवेशाला पोर्टफोलिओच लागत नाही, हे शिबिरवाल्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? आगाऊ रक्कम भरली असेल तर परताव्याचा नियम पावतीवर बघा आणि आजच लेखी अर्ज करा.