ओव्हन, अंडं आणि रम यांतलं काहीच नसताना घरी चांगला फ्रूटकेक जमेल का?

तुम्ही विचारलंय की चोपड्याला राहता, घरात ओव्हन नाही, सासूबाईंना अंडं चालत नाही आणि रम आणायचा तर प्रश्नच नाही. गेल्या वर्षी केक केला तर फळं सगळी तळाला बसली आणि दुसऱ्या दिवशी केक कोरडा ठणठणीत झाला. यंदा नाताळाला पुन्हा करावा का?

जरूर करा. या तिन्ही गोष्टींवाचून फ्रूटकेकचं काही अडत नाही. अडतं ते फळं नीट भिजलेली नसली तर, आच मोठी झाली तर आणि केक घाईने कापला तर. सुका मेवा कोरडाच पिठात गेला की तो केकमधलं पाणी ओढून घेतो. त्यात आपल्याकडची डिसेंबरातली हवा ही अशी, की धुतलेले कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. उघडा ठेवलेला केक तिच्यापुढे किती टिकणार? तेव्हा अंडं नव्हतं म्हणून केक बिघडला असं समजू नका.

मी भुसावळची. रेल्वेमुळे इथे ख्रिश्चन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे नाताळचा केक आमच्या गल्लीला कधी परका वाटला नाही. दिवाळीत आमच्याकडून फराळाची ताटं जायची आणि नाताळात त्यांच्याकडून केक नि करंज्या यायच्या. रमवाला आणि बिनरमचा असे दोन्ही केक मी मनापासून खाल्लेत, म्हणून खात्रीने सांगते: बिनरमचा केक कमी प्रतीचा मुळीच नसतो.

रमची कामं दोन, वास देणं आणि केक टिकवणं. वासासाठी आपल्याकडे संत्र्याचा रस आहे, आणि टिकण्यासाठी महिनोन्‌महिने ठेवायचाय कुणाला? केरळात थलश्शेरीच्या मंबल्ली बापूंनी 1883 साली एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक केला, तो भारतातला पहिला ख्रिसमस केक मानतात. साहेबाने फ्रेंच ब्रँडी वापरायला सांगितली होती, पण बापूंनी काजूच्या बोंडांची आणि तिथल्या केळ्यांची गावठी दारू वापरली, असं सांगतात. साहेब खूश झाला. म्हणजे जवळपास जे मिळतं त्यातून करायची रीत आपल्या देशात या केकइतकीच जुनी आहे.

आता फळं. काळे मनुके 150 ग्रॅम, बेदाणे 100 ग्रॅम, बिया काढलेला खजूर 75 ग्रॅम. सगळं मनुक्याएवढं बारीक चिरा, कारण मोठे तुकडे जड होऊन खाली जातात. डिसेंबरात नागपुरी संत्री गाडीवर मिळतातच. त्यांचा 200 मिली रस काढा, त्यात फळं घालून मंद गॅसवर पाचेक मिनिटं गरम करा, निवली की झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. एक रात्र ठेवली तरी चालतं, पण दोन दिवसांनी मनुका टम्म फुगतो आणि दाताखाली फुटतो, ती मजा वेगळी. ओट्यावर मात्र ठेवू नका, दारू नसलेला रस आंबतो. रस काढण्याआधी संत्र्याच्या सालीचा केशरी भाग तेवढा किसून ठेवा. पांढरा भाग आला की कडवट लागतं.

टूटीफ्रूटी विकत आणूच नका असं मी म्हणेन. ती कच्च्या पपईची असते आणि पपई तर आपल्या शहाद्याकडे शेतंच्या शेतं. दुकानातल्या पाकिटात नुसती साखर आणि भडक रंग लागतो, घरची केली की कळतं की या तुकड्याला स्वतःची चव असू शकते. कडक, आतून पांढरी पपई घ्या. चिकाने हात खाजू नये म्हणून आधी तेल लावा. साल आणि बिया काढून वाटाण्याएवढ्या फोडी करा. अर्धा किलो फोडी भरपूर पाण्यात उकळा. पांढरा रंग जाऊन काचेसारख्या दिसायला लागल्या की लगेच निथळा, त्यापुढे गेल्या तर लगदा होतो. मग 300 ग्रॅम साखर आणि वाटीभर पाण्यात फोडी घालून एकतारी पाक होईपर्यंत मंद शिजवा, शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि रात्रभर त्याच पाकात मुरू द्या. सकाळी चाळणीवर निथळून पंख्याखाली फडक्यावर पसरा. एक-दोन दिवसांत वरून कोरड्या आणि आतून मऊ होतात. रंग घालायची गरज नाही, केकच्या तपकिरी कापात त्या मधाच्या रंगाच्या चमकतात. खाली राहिलेला पाक टाकू नका, पुढे लागणार आहे. केकसाठी यातली 75 ग्रॅम पुरे, उरलेल्या फोडी मुलं संपवतात.

तुम्ही केळ्यांबद्दलही विचारलंय. पिकलं केळं घातलं तर तो केळ्याचा केक होतो. चांगलाच लागतो, पण ओलसर राहतो आणि दोन दिवसांत खराब होतो. रावेर-यावलकडे सुकवलेली केळी मिळतात, ती चिरून मनुक्यांबरोबर भिजवा. खजुराच्या जागी अर्धी घातली तरी छान.

रंगासाठी कॅरॅमल करायचं, कोको घालून रंग आणू नये. जाड बुडाच्या कढईत 75 ग्रॅम साखर कोरडीच तापवा. विरघळून मधाचा, मग गडद चहाचा रंग आला आणि हलका धूर दिसला की गॅस बंद करा. लगेच 80 मिली कडकडीत गरम पाणी लांबूनच, थोडं थोडं सोडा. ते जोरात उसळतं, तेव्हा मुलांना ओट्यापासून दूर ठेवा आणि पळी लांब दांड्याची घ्या. साखर पुन्हा विरघळवून निवू द्या. रंग फिका राहिला तर केक नुसता गोड लागतो, आणि करपली तर सगळा केक कडू होतो. करपली असं वाटलं तर सरळ टाकून द्या, साखर केकपेक्षा स्वस्त आहे.

पिठासाठी 200 ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूट मीठ आणि मसाला एकत्र दोनदा चाळा. चमचे चहाचे. मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, दोन लवंगा आणि जायफळ, सगळं मिळून एक चमचा पूड. जायफळ आयत्या वेळी किसा, पुरणाला किसतो तसं. 100 ग्रॅम लोणी आणि 100 ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेटा, त्यात 120 ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं दही आणि संत्र्याची किसलेली साल घाला. मग मैदा आणि कॅरॅमल आलटून पालटून घाला. अंड्याचं काम इथे दही आणि सोडा मिळून करतात, म्हणून सोडा पडल्यावर पीठ ताटकळत ठेवायचं नाही.

तुमची फळं बुडाली ती पीठ पातळ होतं म्हणून, असा माझा अंदाज आहे. फळांना कोरडा मैदा लावा असं सगळे सांगतात, त्याने थोडा फरक पडतो, पण खरा आधार दाट पिठाचा. चमच्यातून ओघळता कामा नये, गोळ्याने पडलं पाहिजे. फळं चाळणीवर पूर्ण निथळून घ्या आणि उरलेला रस पिठात ओतायचा मोह टाळा, तो पिऊन टाका. चमचाभर कोरडा मैदा फळांना आणि टूटीफ्रूटीला चोळा, मूठभर काजू-अक्रोड घाला आणि अलगद मिसळा.

सात इंची उंच भांड्याला आतून बटर पेपरचे दोन थर लावा. या केकला वेळ लागतो आणि कडा आधी कडक होतात, त्यासाठी दुसरा थर. जुन्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाशी बोटभर जाड मीठ पसरा, वर जाळी ठेवा आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. पाणी अजिबात घालायचं नाही. मग भांडं ठेवून गॅस अगदी बारीक करा. सव्वा ते दीड तास लागतो. पहिला तासभर झाकण उघडू नका. नंतर मध्यभागी विणायची सुई घालून बघा, ती कोरडी निघाली की झालं. वरून फार रंग चढतोय असं दिसलं तर बटर पेपरचा तुकडा वर ठेवा.

मला स्वतःला बेकरीची भट्टी जास्त आवडते. दिवाळीत आपण रवा-मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजायला जातो ना, तिथेच विचारा. पाव भाजून निघाले की भट्टी उतरायला लागते. ती निवणारी ऊब या केकला अगदी मानवते, ओव्हनच्या भाषेत दीडशे अंशांच्या आसपास. आमच्या बेकरीतले चाचा भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरतात, कधी ‘आत्ता नाही’ म्हणतात, कधी लांब दांड्याच्या फळीवर डबा ठेवून थेट मागच्या कोपऱ्यात सरकवतात. त्यांच्या हाताचा अंदाज कुठल्याही थर्मामीटरइतका पक्का आहे. डब्यावर नाव लिहून द्या आणि वेळेचं त्यांच्यावर सोपवा.

केक बाहेर आला की गरम असतानाच सुईने भोकं पाडा आणि पपईचा तो राखलेला पाक दोन-तीन चमचे ब्रशने वरून लावा. पूर्ण निवल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा. आणि आता धीर धरा. त्याच दिवशी कापलात तर भुगा पडेल आणि मसाला वेगळा, फळ वेगळं लागेल. तिसऱ्या दिवशी फळांतला ओलावा सगळीकडे सारखा होतो, जायफळ-दालचिनी मुरते आणि सुरी स्वच्छ फिरते. नाताळ 25 ला, तर 22 ला भाजा, म्हणजे फळं 20 लाच भिजत घालावी लागतील. थंडीत बाहेर चार-पाच दिवस टिकतो, त्यापुढे फ्रिजमध्ये दोन आठवडे.

खायचा कसा? दातेरी सुरीने पातळ काप काढा, अर्ध्या बोटाहून जाड नको. हा भरगच्च केक आहे, एका माणसाला दोन काप भरपूर होतात. कापाल त्या दिवशी नुसता, चहाबरोबर खा. चहा कमी साखरेचा करा, नाहीतर केकची चव दबते. चार दिवसांनी उरलेला काप तव्यावर थेंबभर तूप सोडून दोन्ही बाजूंनी शेकून बघा. कडा कुरकुरीत होतात, मनुके गरम होतात आणि घरभर संत्र्याचा वास येतो. माझ्या मते हा केक खायची सर्वांत चांगली तऱ्हा हीच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की मी डबा बरोबर नेते. कळण्याच्या पुऱ्या आणि तिखट भरीत खाऊन झाल्यावर या केकचा एकेक काप हातावर ठेवला की वयस्कर मंडळीही दुसरा मागतात. अंडं नाही म्हटल्यावर सासूबाईंनाही बिनधास्त देता येईल.

मे महिन्यात मात्र या भानगडीत पडू नका. पारा पंचेचाळिशीला टेकला की लोणी फेटलं जायच्या आधीच वितळतं आणि केक बाहेर दोन दिवसही टिकत नाही.

कुकर किती लिटरचा आहे आणि त्यात किती इंची भांडं बसतं ते खाली लिहा. भांडं लहान असेल तर हेच पीठ दोनदा विभागून भाजावं लागेल, पण दुसऱ्या खेपेच्या पिठात सोडा आयत्या वेळीच घालायचा, म्हणून त्याचं माप वेगळं करून सांगते.