पायातली बिट्टी

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची. लेकीच्या बाळंतपणासाठी शिकागोला आले आहे. सप्टेंबरातल्या एका रविवारी जावयांनी जाहीर केलं, आज कुणी कशाला हात लावायचा नाही. चहाचा दुसरा कप हातात, तेवढ्यात ढोल वाजू लागले. सव्वीसाव्या रस्त्यावर जाऊन पाहते तर मेक्सिकन मिरवणूक! घोडे नाचताहेत, पिसांचे मुकुट घातलेले लोक शंख फुंकताहेत, पायांत घुंगरांसारखं काही वाजतंय. जावई म्हणाले, "सिन्को दे मायो." पण मायो म्हणजे मे ना? शिवाय टिकल्यांचे घागरे पाहून मला आपल्याकडचंच काही बघतेय असं वाटलं. भास का हो?

उत्तर : जावईबापूंचा चार महिन्यांचा घोटाळा झाला. तुम्ही पाहिलीत ती स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. १६ सप्टेंबर १८१० ला दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या पाद्र्यानं चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पेनविरुद्ध उठवलं; स्वातंत्र्य मिळायला १८२१ उजाडलं. ५ मे हा पुएब्लाच्या लढाईचा दिवस, १८६२ साली फ्रेंच फौजेला हरवलं तो. अमेरिकेत गाजावाजा त्याचाच जास्त. मीही पहिल्या वर्षी शेजारच्या मेक्सिकन आजींना मे महिन्यात स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्यांनी त्या हसून घेतल्या आणि सप्टेंबरात पुन्हा मागितल्या.

पायात वाजत होती ती घुंगरं नव्हेत, बिया. आयोयोते म्हणतात त्यांना. टणक कवचं पट्टीवर ओळीनं शिवून घोट्याला बांधतात. झाड कुठलं, तर आपल्या पिवळ्या बिट्टीचं सख्खं भावंड! लहानपणी अंगणात बिट्ट्यांनी खेळलो आपण, पण त्या पायात बांधून नाचावं हे काही सुचलं नाही. (बिट्टी विषारी बरं का, नातवंडाच्या हाती लागू देऊ नका.)

घागऱ्याचं म्हणाल तर भास अगदीच बिनबुडाचा नाही. त्या वेषाला 'चिना पोब्लाना' म्हणतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानातली एक मुलगी चाच्यांनी पळवली, मनिलामार्गे मेक्सिकोत गुलाम म्हणून विकली. कातारिना दे सान हुआन या नावानं ती पुएब्लात राहिली आणि १६८८ साली तिथंच वारली. तिकडे तेव्हा आशियातून आलेल्या कुणालाही 'चिनो', 'चिना' म्हणत; 'पोब्लाना' म्हणजे पुएब्लाची. हा वेष तिच्यावरूनच आला अशी आख्यायिका आहे. इतिहासकार मान डोलावत नाहीत, कारण तो वेष रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. मला त्यांचंच पटतं. तरी त्या बायका समोरून गेल्या की दरवर्षी मला ती पोर आठवते, त्याला काय करणार?

आणि हो, कणीस खाल्लंत की नाही? एलोते मागायचं. मेयोनीज, चीज, तिखट आणि वर लिंबू. मेयोनीज नको असेल तर "सिन मायोनेसा" म्हणा. जावईबापूंना सांगून ठेवा, या मायोचा मे महिन्याशी संबंध नाही.