मोठी शीर बंद केली, तर रक्त जाणार कुठून?

प्रश्न : माझे यजमान लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात आहेत. दहा-दहा तास उभं राहावं लागतं. डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी दिसतात, घोट्याजवळची कातडी काळपट झाली आहे. डॉक्टर लेसर सुचवतात. सासऱ्यांचं याचंच ऑपरेशन झालं होतं, तरी शिरा पुन्हा फुगल्या. लेसरनंतरही तसंच होईल का? मोठी शीरच बंद केली, तर रक्त परतणार कसं? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पायातलं बहुतेक रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून वर जातं. कातडीखालच्या या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी झाल्या की तिच्यातलं रक्त उलट खाली येतं. ती बंद केली तर पायाचं ओझंच उतरतं. फक्त खोल शिरा मोकळ्या आहेत, याची आधी खात्री हवी.

1890 च्या सुमारास जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग ही शीर मांडीत बांधत. 1907 मध्ये अमेरिकन सर्जन बॅबकॉकनी आतून तार घालून ती ओढून काढायची पद्धत आणली. पुढची कित्येक दशकं तेच ऑपरेशन चाललं. त्यानंतर जांघेत कधी नव्या बारीक वाहिन्या फुटतात, कधी गळतीची दुसरी जागा राहून गेलेली असते. सासऱ्यांच्या बाबतीत यांतलंच काही झालं असावं.

शीर आतून उष्णतेने बंद करणारं लेसर 1999 च्या आसपास आलं. गुडघ्याजवळ सुई टोचून लेसर नेणारा बारीक तंतू (फायबर) आत सरकवतात, टोक जांघेतल्या खोल शिरेपासून साधारण 2 सेंमी अलीकडे ठेवतात. मग सोनोग्राफीत बघत शिरेभोवती भुलीचं पातळ द्रावण भरतात. खरी मेहनत इथेच. ते कमी पडलं तर कातडी भाजते, पाय बधिर होतो. त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. पण शिरा पुन्हा कधीच येणार नाहीत, अशी हमी लेसरलाही देता येत नाही.

मशीन कोणतं, यापेक्षा डॉप्लर (रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) कसा केला ते विचारा. तो उभं करून व्हायला हवा. रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलट वाहिलं तर झडप निकामी. नुसतं झोपवून पाहिलं असेल, तर पुन्हा करून घ्या. कातडी काळी पडणं ही जखमेच्या आधीची पायरी, तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

अशा त्रासात घालायचे पाय आवळणारे मोजे मात्र दुकानदाराच्या अंदाजाने ‘मीडियम’ घेऊ नका. सकाळी सूज नसताना घोटा आणि पोटरी मोजा, अंथरुणातून उठायच्या आधी चढवा. वरची कड दुमडू नका. तिथे दोरी बांधल्यासारखा फास बसतो. मधुमेह असेल, तर मोज्यांआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या.