रोज सात चहा आणि रात्री एनर्जी ड्रिंक: झोप यानेच उडाली असेल का?

तुम्ही लिहिलंय की सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता, दिवसाला सात अमृततुल्य चहा होतात, रात्री नऊला एनर्जी ड्रिंकचा कॅन. एक वाजला तरी झोप लागत नाही, आणि सुटीला गावी गेलं की डोकं ठणकतं. चहा बंदच करावा का?

बंद करायची गरज नाही. आधी हिशेब मांडू. अमृततुल्यच्या छोट्या ग्लासात अंदाजे 30 ते 40 मिलिग्रॅम कॅफिन असतं; पूड किती पडली त्यावर ते कमी-जास्त होतं. सात ग्लासांचे 245 धरा. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरमागे कमाल 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त 75. एकूण झाले 320. धडधाकट प्रौढ माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं. मग तुमचं बिघडतंय कुठे, तर वेळेत.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्यानेच पेंग येते. ते जिथे जाऊन चिकटतं त्या जागा कॅफिन अडवतं, त्यामुळे थकवा असूनही जाणवत नाही. घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन उतरायला सरासरी 5 तास लागतात. नऊच्या कॅनमधलं निम्मं रात्री दोनलाही अंगात असतं, म्हणजे एका अख्ख्या चहाइतकं. संध्याकाळच्या चहांचं उरलेलं वेगळंच. डोळा लागला तरी गाढ झोप कमी मिळते, आणि वाचलेलं पक्कं व्हायला तीच झोप लागते. म्हणून कॅन आधी सोडा, हे मी आग्रहाने सांगेन.

(चहासोबत सिगारेट असेल तर लक्षात ठेवा: धूम्रपानाने कॅफिन लवकर उतरतं. सिगारेट सोडली की तेवढाच चहा एकदम जास्त जाणवतो, छाती धडधडते. त्या आठवड्यात चहा निम्मा करा.)

गावी डोकं दुखतं कारण तिथे सातचे दोन चहा होतात. रोजच्या कॅफिनने आकसायची सवय लागलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते कमी पडलं की फुलतात. दुखणं 12 ते 24 तासांत सुरू होतं, पहिले दोन दिवस जोरात असतं, कधी आठवडाभर रेंगाळतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, पाकिटावर वाचून घ्या. नाहीतर एकीकडे सोडताय आणि दुसरीकडे घेताय असं होईल.

एकदम तोडू नका. कॅन बंद केल्यावर दर तीन-चार दिवसांनी एक चहा कमी करा, शेवटच्यापासून मागे येत. अकराला झोपायचं तर शेवटचा चहा दुपारी तीनला. अभ्यासिकेतून सगळे उठतात तेव्हा तुम्हीही जा, पण एक चहा दोघांत वाटून घ्या. सकाळचे दोन खुशाल ठेवा.

मला तुमच्या साखरेची काळजी जास्त वाटते. ग्लासमागे दीड चमचा, म्हणजे 7 ग्रॅम धरली तरी सातांचे 49, वर कॅनमधले 25 तरी. वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी, 25 च्या आत असली तर उत्तम.

मेसच्या जेवणावर लगेच चहा नको. चहातलं टॅनिन पालेभाजी-डाळीतलं लोह बांधून ठेवतं. मध्ये तासभर जाऊ द्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींनी तर हे पाळावंच. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासाने. गरोदरपणात मर्यादा 200 मिलिग्रॅम, कारण तेव्हा कॅफिन उतरायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

चहा कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांना दाखवा आणि दिवसाचे चहा किती, कधी, हे लिहूनच न्या.