औंधचे 'पंतप्रतिनिधी' कोणाचे प्रतिनिधी?

प्रश्न असा आला आहे: सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे स्वतःला 'पंतप्रतिनिधी' म्हणवत. राजाच प्रतिनिधी कसा? आणि हे आडनाव की हुद्दा?

मुळात हुद्दा, आडनाव नंतर झाले. प्रतिनिधी छत्रपतींचा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हे पद नाही. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले, तिथे ते नव्याने निर्माण झाले आणि प्रल्हाद निराजींना मिळाले. मान पेशव्याच्याही वरचा.

इथे एक गंमत आहे. राजा दूर जिंजीत, म्हणजे त्याचा प्रतिनिधी मागे महाराष्ट्रात असेल असे आपण धरून चालतो. पण प्रल्हाद निराजी महाराजांबरोबर जिंजीतच होते. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे, आणि त्यांना किताब दिला तो 'हुकूमतपनाह'. म्हणजे हा आजच्या अर्थाने 'तर्फे पाठवलेला माणूस' नव्हे. संस्कृतात प्रतिनिधी म्हणजे मूळच्या जागी ठेवलेला (प्रति + नि + धा, यातल्या 'निधी'चा खजिन्याशी संबंध जोडू नये). मीमांसेत, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, तर हा यज्ञातला पारिभाषिक शब्द आहे: सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिक वापरावी, ती सोमाची प्रतिनिधी. राजाच्या जागी उभा राहून आज्ञा देऊ शकेल असा माणूस, हा अर्थ त्याच्या जवळचा आहे.

औंधचे घराणे किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांचे, मूळचे कुलकर्णी. प्रतिनिधिपद त्यांच्याकडे आले ते राजाराम-ताराबाईंच्या बाजूने लढताना. 1708 मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला तेव्हा तो ताराबाईंसाठी लढवणारे हेच. त्यापायी ते कैदेत पडले, आणि पुढे शाहूंनीच त्यांना पुन्हा प्रतिनिधी केले! त्यांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्यास प्रतिनिधी झाला, दुसरा कृष्णाजी कोल्हापूरकरांकडे. त्या दुसऱ्या शाखेचे विशाळगड.

आता 'पंत'. 1674 च्या राज्याभिषेकानंतरची पदे पाहा: पंत प्रधान, पंत अमात्य, पंत सचिव. त्याच वळणावर पंत प्रतिनिधी. ही पदे वंशपरंपरा झाली आणि हुद्द्यांची घराणी बनली. भोरचे संस्थानिक पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य. हिंदीत 'प्रधानमंत्री' असताना आपण 'पंतप्रधान' म्हणतो तो याच ठशाचा शब्द. दिल्लीतल्या खुर्चीला आपण अजून पेशव्याच्या हुद्द्याने हाक मारतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रतिनिधीलाही प्रतिनिधी असे, त्याला 'मुतालिक' म्हणत. 1750 मध्ये सांगोल्याला पेशव्यांविरुद्ध उभे राहिलेले यमाजी शिवदेव हे प्रतिनिधींचे मुतालिक. मुतालिक हेही आज आडनाव आहे.

शाहूंनंतर पेशव्यांनी हे पद खिळखिळे केले. प्रतिनिधींपैकी एकाचा हात पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी झालेल्या लढाईत गेला, म्हणून ते 'थोटेपंत'. मग 1848 मध्ये डलहौसीने साताऱ्याचे राज्यच खालसा केले आणि ज्याचे प्रतिनिधी तो छत्रपतीच साताऱ्याच्या गादीवर उरला नाही. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट ही साताऱ्याची मांडलिक घराणी थेट इंग्रजांच्या हाताखाली गेली. हुद्दा मात्र राहिला, आता निव्वळ घराण्याचे नाव म्हणून.

शब्दाचा आजचा अर्थ औंधात शिरला तो 1939 मध्ये. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन सत्ता लोकांच्या हाती सोपवली. तेव्हापासून विलीनीकरणापर्यंत, म्हणजे 1948 पर्यंत, औंधात प्रतिनिधी दोन तऱ्हेचे: एक वाड्यातले, बाकीचे लोकांनी निवडलेले.

लिहिताना काय करावे? हुद्दा म्हणून जुन्या कागदांच्या संदर्भात 'पंत प्रतिनिधी' असे सुटे चालेल, आडनाव जोडूनच लिहावे. आणि अठराव्या शतकाविषयी वाचताना नुसते 'प्रतिनिधी' दिसले, तर साताऱ्याचे की कोल्हापूरचे ते आधी पाहावे. दोन्हीकडे एकाच घराण्यातली माणसे असल्याने घोटाळा हमखास होतो.